मश्रबियाच्या आत आणि बाहेर : कैरोतली एक पुस्तकवाट

कैरोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी गिझाचे पिरॅमिड पाहून लक्झरची वाट धरतात. मी मात्र गमालिया या जुन्या भागासाठी मुद्दाम वेळ राखून ठेवला होता, कारण आधुनिक इजिप्शियन समाजाविषयी मी जे वाचले होते, त्यातले बरेचसे याच गल्ल्यांत घडलेले होते.

अल-मुइझ रस्त्याला जिथे फाटा फुटतो, तिथे अब्दुर रहमान कतखुदाने १७४४ मध्ये बांधलेला सबील उभा आहे. खाली वाटसरूंसाठी पाणपोई आणि वर मुलांना कुराण शिकवण्याची शाळा. १९११ मध्ये याच गमालियात जन्मलेल्या नगीब महफूज यांच्या कादंबरीत्रयीतली अमीना मध्यरात्री उठून, मश्रबिया म्हणजे लाकडी जाळीच्या बंदिस्त सज्जातून, हा सबील आणि कलाऊन व बर्कूक यांचे मिनार पाहत नवऱ्याची वाट पाहते. लग्नाला पाव शतक झाले तरी तिला एकटीने बाहेर पडण्याची मुभा नाही. नवरा परगावी गेला असताना ती धाकट्या मुलाबरोबर हुसैन मशिदीत जाते, परतताना मोटारीची धडक बसते, आणि ती बरी झाल्यावर नवरा तिला माहेरी धाडून देतो. सबीलापासून मशिदीपर्यंतचे ते अंतर मी चाललो. ते थोड्याच मिनिटांचे आहे, आणि हे पायांना कळल्यावर त्या प्रसंगातली क्रूरता मला पहिल्यांदा पुरती उमगली.

जवळच्या दर्ब अल-अस्फर गल्लीत बैत अल-सुहैमी हा १६४८ पासूनचा वाडा आहे. वरच्या मजल्यावरच्या मश्रबियाशी बसले, की खालचे सारे स्पष्ट दिसते. खालून मात्र आतले काहीच दिसत नाही. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाची अडचण नेमकी हीच होती. कैरोत स्थानिक पोशाखात राहून, अरबी बोलून त्याने १८३६ मध्ये इजिप्शियन लोकांच्या चालीरीतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बाजार, लग्ने, सण, ताईत आणि न्हाणीघरे यांचे बारकावे इतके आहेत की आजही तो चुकवू नये असे मला वाटते. परंतु परपुरुष असल्यामुळे जनानखान्याविषयी त्याला बरेचसे ऐकीव माहितीवर लिहावे लागले. ती उणीव काही अंशी भरून काढली त्याच्या बहिणीने. १८४२ मध्ये भावाबरोबर आलेल्या सोफिया लेन पूल यांना जनानखान्यात पाहुणी म्हणून प्रवेश होता, आणि तिथले अनुभव त्यांनी पत्रांच्या रूपाने छापले. तरीही ती नजर पाहुणीचीच राहिली.

स्वतः जनानखान्यात वाढलेल्या बाईचे लेखन हवे असेल, तर हुदा शाअरावी यांच्या आठवणी वाचाव्यात. १८७९ मध्ये श्रीमंत घरात जन्मलेल्या आणि कोवळ्या वयात आपल्याहून कितीतरी मोठ्या चुलतभावाशी लग्न लावून दिलेल्या या बाईंनी १९१९ च्या ब्रिटिशविरोधी उठावात स्त्रियांचा मोर्चा काढला. त्याच उठावात, कादंबरीत, अमीनाचा मुलगा फहमी गोळी लागून मरतो. एकाच वर्षाची ही दोन चित्रे शेजारी ठेवून वाचली, तेव्हा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा मला त्यांतून अधिक समजले. रोमच्या स्त्री-परिषदेहून परतताना, १९२३ मध्ये, शाअरावींनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर चेहऱ्यावरचा बुरखा दूर केला.

अताबाजवळच्या अझबकियाच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात अरबी पुस्तकांचे ढीगच्या ढीग लागलेले असतात. इंग्रजी अनुवादांसाठी तहरीर चौकाजवळचे अमेरिकन विद्यापीठाचे दुकान सोयीचे पडते. लतीफा अल-झय्यात यांची १९६० ची कादंबरी, ‘उघडे दार’, इंग्रजी अनुवादात जरूर मिळवावी. तिची नायिका लैला ही १९४० च्या दशकात शाळेत जाणारी, घरच्यांना न जुमानता मोर्चात उतरणारी मुलगी आहे. महफूज यांची त्रयी १९४४ मध्ये संपते आणि ही कथा १९४६ मध्ये सुरू होते, म्हणून त्रयीनंतर लगेच हीच वाचायला घ्यावी.