चिल्लर चेन, नोंद 7: गुरुवारी लाइट गेली तेव्हा

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: 'चिल्लर' ही माझी घरगुती टेस्ट चेन, म्हणजे प्रयोगापुरती ब्लॉकचेन: व्यवहारांचे ब्लॉक एकामागे एक जोडत जाणारी, सगळ्या संगणकांवर सारखी असणारी वही. नाण्याला किंमत शून्य. सदाशिव पेठेत माझ्याकडे चार जुने डेस्कटॉप, कोथरूडला मित्राकडे दोन लॅपटॉप, कोड गो या भाषेत. उद्योग एकच, मायनिंग (संगणकाची मेहनत खर्चून ब्लॉक 'खोदणं') आणि स्टेकिंग (नाणी अडकवून ठेवून त्या बदल्यात हक्क मिळवणं) एका चेनवर नांदवायचं.

पहिली आवृत्ती पीअरकॉइनच्या वळणाची होती. 2012 साली या दोन गोष्टी एकत्र आणणारं पहिलं नाणं तेच. काही ब्लॉक खोदून निघणार, काही स्टेकमधून. पण दोन फोर्क, म्हणजे एकाच चेनच्या दोन फांद्या, समोर आले की स्टेकचा एक ब्लॉक खोदलेल्या किती ब्लॉकच्या बरोबरीचा, याचा भाव मला काही केल्या ठरवता आला नाही. तीन शनिवार-रविवार त्यातच गेले. मग डिक्रेड या दुसऱ्या नाण्याची पद्धत घेतली. ती चेन 2016 पासून चालू आहे. तिच्यात ब्लॉक मायनर (खोदणारा) बनवतो, नाणी अडकवून घेतलेल्या तिकिटांची सोडत निघते आणि निघालेल्या 5 तिकिटांपैकी निदान 3 तिकिटांनी मत दिलं तरच त्यावर पुढचा ब्लॉक चढतो. माझ्याकडेही हेच, फक्त ब्लॉक 5 मिनिटांऐवजी 1 मिनिटाचा.

'इथेरियमसारख्या मोठ्या चेनने 2022 मध्ये मायनिंग सोडलं, तू कशाला धरून बसलास?' असं विचारणाऱ्यांना उत्तर: सोडतीसाठी. कोणती पाच तिकिटं निघणार हे ब्लॉकच्या हॅशवरून, म्हणजे त्यातल्या मजकुरापासून निघणाऱ्या, आधी सांगता न येणाऱ्या आकड्यावरून ठरतं. निकाल आवडला नाही तर मायनर ब्लॉक टाकून देऊ शकतो, पण त्यासाठी केलेली सगळी मेहनतही टाकावी लागते. सोडतीत लबाडी करणं महाग पडतं, आणि मला त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

आता लाइट गेली तो गुरुवार. सकाळी 10 ते दीड दुरुस्तीसाठी लाइट बंद. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे, ट्यूब आणि राउटर एवढंच. चारही डेस्कटॉप आडवे. मी ऑफिसात. साडेअकराला मित्राचा मेसेज: 'अरे, तुझी मतं झोपलीत का? चेन हलत नाहीये.'

संध्याकाळी त्याच्याकडचा लॉग पाहिला. 'मतं 1/5, ब्लॉक रद्द. मतं 2/5, ब्लॉक रद्द. मतं 1/5...' अशा पानंच्या पानं ओळी. साडेतीन तासांत 210 ब्लॉक व्हायला हवे होते, झाले 13.

चूक कोडमध्ये नव्हती, आणि हेच मला आधी पटेना. तिकिटांपैकी 70 टक्के माझी, 30 टक्के त्याची. एखादं तिकीट जागं असण्याची शक्यता 0.3 धरली, तर पाचांत निदान तीन जागी सापडण्याची शक्यता येते फक्त 16 टक्के. म्हणजे एका ब्लॉकसाठी सरासरी सहा वेळा खोदायचं. त्यात हॅशरेट (खोदण्याचा एकूण वेग) एक तृतीयांशावर आलेला, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला तीन मिनिटं. सहा त्रिक अठरा. डिफिकल्टी (खोदणं किती अवघड ते) 144 ब्लॉकनंतरच बदलते, म्हणून तिथूनही सुटका नाही.

मित्र म्हणाला, 'सोपं आहे, अर्धा तास ब्लॉक आला नाही तर तीनऐवजी दोन मतं पुरेत असं कर.' केलं. रात्री सहज हल्लेखोराच्या बाजूने आकडे मांडले आणि झोप उडाली. 20 टक्के तिकिटं हातात असलेला माणूस गुपचूप वेगळी चेन खोदत असेल, तर तीन मतांच्या नियमात त्याला एका ब्लॉकसाठी सरासरी 17 वेळा खोदावं लागतं. दोन मतांवर आणलं की चारसुद्धा नाही. आणि अर्धा तास झाला हे कोण सांगणार? ब्लॉकवर वेळ घालणारा मायनरच. मीच स्क्रिप्ट लिहून पाहिली, वेळा पुढे ढकलत गेलो, आणि दहा मिनिटांत माझी खोटी चेन खऱ्या चेनच्या पुढे. नियम काढून टाकला.

गोम अशी, की लाइट गेल्यामुळे एकटा पडलेला प्रामाणिक मित्र आणि लपून खोदणारा चोर चेनला अगदी सारखेच दिसतात. दोघांकडेही बाकीच्यांची मतं पोचलेली नसतात. एकाला सवलत दिली की दुसऱ्यालाही मिळते. त्या 13 ब्लॉकमध्ये माझी 23 तिकिटं गैरहजर लागली. तिकिटांत अडकलेले पैसे परत आले, मत दिल्याबद्दल मिळणारं बक्षीस बुडालं. त्याबद्दल तक्रार नाही, मीच तसा नियम लिहिलाय.

उपाय मग चेनच्या बाहेर शोधला. खोदायला वीज लागते, मत द्यायला जवळजवळ लागतच नाही. मी दोन्ही एकाच डेस्कटॉपवर कोंबून ठेवलं होतं, हा निव्वळ आळस. आता मतं देतो रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक, इन्व्हर्टरवर. त्याच्यावर मत देण्यापुरतीच डिजिटल किल्ली आहे, पैसे हलवायची वेगळी. इन्व्हर्टरचा एकच प्लग मोकळा करता येण्यासारखा होता आणि तिथे आईचा रेडिओ. 'तुझी चिल्लर चालेल, पण माझ्या बातम्या बंद पडता कामा नयेत,' म्हणाली. मल्टिप्लग आणला.

या गुरुवारी लाइट गेलीच नाही. मग दहा वाजता मीच चारही डेस्कटॉप बंद केले. दीडपर्यंत 64 ब्लॉक. एकट्या कोथरूडच्या हॅशरेटवर 70 अपेक्षित होते, तेव्हा ठीकच. बहुतेक ओळींवर मतं 5/5.

बहुतेक म्हणतोय कारण सुरुवातीला पायची मतं नाकारली जात होती. प्लग बदलताना पाय आणि राउटर दोन्ही बंद-चालू झाले. पाय 4 ला बॅटरीवरचं घड्याळ नसतं, त्यामुळे नेट येईपर्यंत तो जुनीच वेळ धरून बसला आणि माझ्या चेनच्या प्रोग्रामने जुन्या वेळेची मतं फेकून दिली. डीएस3231 हे बॅटरीवरचं छोटं घड्याळ जोडायचं आहे. शनिवारी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, चक्कर आहेच.