चेंडू हातात न येणारा गडी

३१ मार्च, ह्यूस्टन

अमेरिकन मरीन सैनिक क्ले हंट गेला तो याच तारखेला, २०११ साली, इथेच ह्यूस्टन परिसरात. वय २८. इराकमध्ये गोळी लागली, त्यातून बरा झाला, अफगाणिस्तानातूनही धडधाकट परतला आणि घरी आल्यावर आत्महत्या केली. पण आज दिवसभर डोक्यात आहे तो त्याचा सैन्यातला सोबती, जेक वुड.

वुड विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा. ऑफेन्सिव्ह लाइनमन! म्हणजे समोरून अंगावर येणारा गडी थोपवायचा, आणि टचडाउन करून गुण मिळवणार दुसराच. चेंडू हाताला लागायची गोष्टच सोडा. यांचं नाव समालोचक घेतो ते बहुधा काही चुकलं तरच. २००५ मध्ये पदवी घेऊन पठ्ठ्या अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअरमध्ये भरती झाला, तेही अधिकारी नव्हे, साधा सैनिक म्हणून. २००७ ला इराक, २००८ ला अफगाणिस्तानातलं सांगिन, तिथे स्नायपर.

२००९ मध्ये सैन्य सोडलं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा मूठभर माणसं जमवून डॉमिनिकन रिपब्लिकमार्गे थेट पोर्ट-ओ-प्रिन्स गाठलं. त्यातून ‘टीम रुबिकॉन’ ही माजी सैनिकांची आपत्ती-मदत संस्था उभी राहिली. हंटही हैतीला गेला होता. त्याच्या मृत्यूनंतर संस्थेचा रोख बदलला. गणवेश उतरला की सोबती सुटतात, सकाळी उठून जायचं कामही सुटतं; तेच काम आपत्तीच्या जागी परत मिळवून द्यायचं. मला यातला रोकडेपणा आवडतो. नुसती सहानुभूती नाही, हातात पहार.

हार्वे वादळानंतर, २०१७ मध्ये, त्यांचे करड्या शर्टातले स्वयंसेवक आमच्या भागात पाहिले. पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत ओलं ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे पत्रे, कापून काढायचं, आतलं भिजलेलं इन्सुलेशन उपसायचं, लाकडी सांगाडा उघडा करून वाळवायचा. नाहीतर बुरशी घर खाते. एक दांडगा गडी मात्र घरमालकीणबाईंच्या अल्बममधले चिकटलेले फोटो नखाने सोडवून, पापड घालावेत तसे गाडीच्या बॉनेटवर वाळत घालत होता. त्याला कुणी ते काम सांगितलं नसावं.

हंटच्या नावाचा माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्याचा कायदा २०१५ मध्ये झाला. सेनेटमध्ये ९९ विरुद्ध ०! या देशात अशी मोजणी क्वचितच दिसते.

आणि मग २०२५. वुडने गाझा ह्युमॅनिटेरियन फाउंडेशनचं, म्हणजे अमेरिका-इस्रायलच्या पाठिंब्याने गाझात अन्न वाटायला निघालेल्या संस्थेचं, प्रमुखपद घेतलं आणि वाटप सुरू व्हायच्या तोंडावर, २५ मे रोजी, सोडलंही. मानवता, तटस्थता, निःपक्षपातीपणा, स्वातंत्र्य ही तत्त्वं पाळून हे काम करता येणार नाही, असं त्याने जाहीर केलं. माझं मत, मुळात ते पद घ्यायलाच नको होतं. संयुक्त राष्ट्रांनी त्या योजनेत सामील व्हायला आधीच नकार दिला होता. नवरा म्हणतो, आत शिरल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर किती जण खुर्ची सोडतात? यावर आमचं अजून जुळलेलं नाही.