तुकतुकीत की चकचकीत

चैत्रातली दुपार, नाशिकच्या गंगापूर रोडचा भाजीबाजार. गोणपाटावर मांडलेली काळीजांभळी वांगी आणि त्यांच्या मागे लावलेली एक काळी हॅचबॅक. वांगी तुकतुकीत. गाडीही नवीच, सकाळी धुतलेली, पण बॉनेटवर जिथे ऊन पडलंय तिथे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशा बारीक गोल रेघा. या गाडीला फार तर चकचकीत म्हणता येईल. तुकतुकीत नाही म्हणवत.

मराठीनं चमकण्याचे इतके प्रकार पाडून ठेवलेत ते उगाच नाही. चिंचेनं घासलेला भांडी बाजारातला तांब्या लखलखतो, स्टीलचा डबा चकचकतो, येवल्याच्या पैठणीचा काठ झळाळतो. वांगं मात्र तुकतुकीतच. स्टीलवर उजेड आदळून परत फिरतो. वांग्यावर तो थोडा आत मुरून मग बाहेर येतो, निदान डोळ्याला तसं वाटतं. गाडीला मेण लावावं की सीलंट (रंगावर चढवायचा कृत्रिम, रासायनिक लेप), हा वाद या दोन शब्दांतच मिटतो. कार्नोबा मेणानं गाडी तुकतुकीत होते, सीलंटनं चकचकीत. गाडी काळी, मरून, गर्द निळी किंवा लाल असेल तर मेणाची मजा वेगळीच. पांढरी किंवा सिल्व्हर असेल तर मेणाचे निम्मे पैसे वाया. पांढऱ्या रंगाला खोली दिसायला जागाच नसते आणि मेटॅलिकमधले ॲल्युमिनियमचे कण सीलंटच्या काचेसारख्या थराखाली जास्त उठून दिसतात. आपल्या रस्त्यांवर गर्दी पांढऱ्या गाड्यांची, आणि महागडी मेणाची डबी घेऊन हिरमुसणारेही बहुतेक त्यांचेच मालक.

कार्नोबा येतं ब्राझीलच्या ईशान्येकडून, सिआरा, पियाउई या कोरड्या प्रांतांतून. तिथला एक ताड उन्हाळ्यात अंगातलं पाणी उडू नये म्हणून पानांवर मेणाचा थर चढवतो. पानं वाळवून झोडपली की त्याची पूड पडते. कोवळ्या पानांची पूड पिवळी आणि सर्वांत शुद्ध, जून पानांची काळपट. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. वैशाखात उन्हात तापलेल्या काळ्या बॉनेटवर हात टेकवून पाहा, हा वीस अंशांचा फरक किती मोलाचा ते कळेल. मात्र शुद्ध कार्नोबा विटेसारखं कडक असतं, रंगावर पसरणारच नाही. म्हणून त्यात द्रावक, तेलं आणि मऊ मेणं मिसळावी लागतात. डबीवरचं ‘१०० टक्के कार्नोबा’ वाचून हुरळायचं नाही. शुद्ध तुपातली जिलेबी म्हणजे सगळी जिलेबी तुपाची नव्हे.

खरं तर मेण म्हणजे काय हे नाशिककरांना ब्राझीलनं शिकवायची गरज नाही. द्राक्षावरची ती पांढुरकी लव मेणाचीच. ती पुसली जाऊ नये म्हणून बागेत घड देठाला धरून उचलतात. बेदाणा करायचा झाला की उलटं: पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, म्हणजे मेणाचा अडसर ढिला पडतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर येतं. गंमत अशी की लव असेपर्यंत द्राक्ष मंदच दिसतं. सदऱ्याला घासलं की चमकतं. लवेत मेणाचे सूक्ष्म कण उभेआडवे उभारलेले असतात, ते उजेड चहूकडे उधळतात; घासल्यावर आडवे होतात आणि पृष्ठभाग सपाट होतो. म्हणजे चमक मेणात नाही, सपाटपणात आहे. गाडीवरचं मेण वाळून धुरकट झालं की ते या द्राक्षासारखंच दिसतं, आणि चमक येते ती नंतरच्या पुसण्यानं. त्यामुळे मेण जास्त थापलं की गाडी जास्त चमकेल, हा हिशोब मुळातच चुकीचा. जाड थराचं आतलं द्रावक उडत नाही, वरचं वाळतं, पुसताना ते ओढलं जातं आणि तेलकट पट्टे उठतात. दिवसा दिसत नाहीत, संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली सगळे दिसतात.

सपाटपणा म्हटला की मेणाच्या आधीचं काम आलं. इथेच शब्दांचा सगळा घोळ आहे. वॉशिंग सेंटरवर ‘पॉलिश मारून देतो’ म्हणतात, त्यात रबिंग, पॉलिश आणि वॅक्स या तिन्ही गोष्टी एकाच फडक्यात गुंडाळलेल्या असतात. रबिंग म्हणजे रंग खरवडणं. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. खालच्या प्रायमरसकट सगळा रंग धरला तरी जेमतेम माणसाच्या केसाएवढा. दर दिवाळीला रबिंग म्हणजे दर दिवाळीला छपराचं एकेक कौल काढून विकणं. रेघा खरंच खोल असतील तरच, तेही ड्युअल ॲक्शन मशीननं (यात पॅड फिरता फिरता डुलतोही) आणि सर्वांत सौम्य पॅडपासून सुरुवात करून. काही क्लीनर वॅक्समध्ये भरणी असते. ती रेघा बुजवते, दोन धुण्यांत निघून जाते, आणि मालक म्हणतो वॅक्स उतरलं. उतरली ती भरणी.

आणि टेफ्लॉन कोटिंग! हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की कुठल्याही पांढऱ्या पेस्टला तो चिकटतो. खरं तर चिकटणं हा टेफ्लॉनचा धर्मच नाही. तव्यावर ते बसवायला भट्टी लागते, कारण ते वितळतंच ३२७ अंशांना. गाडी काही भट्टीत घालता येत नाही. लावतात ते बहुतेक वेळा साधं सीलंटच असतं आणि सीलंट म्हणून ते वाईटही नसतं. नावाचे पैसे तेवढे द्यायचे नाहीत.

मेणाच्या आधी गाडी धुवायची, वाळवायची, मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवायची. उघड्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. महामार्गावरचं डांबर आधी टार रिमूव्हरनं काढून घ्यावं, समृद्धीवरच्या किड्यांचा थर भिजवून काढावा, मग उरलेल्या खरखरीवर साबणाचं पाणी भरपूर मारून क्ले अलगद सरकवायची, दाबायची नाही. ती हातातून जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यायची. इथे काटकसर करणारे पुढे वर्षभर रेघा मोजतात. सीलंट लावायचं असेल तर आणखी एक पायरी: एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तीन-चार भाग, हे मिश्रण फवारून पुसून घ्यायचं. रंगावर तेलाचा मागमूस राहिला तर सीलंट रंगाला धरत नाही, त्या तेलाला धरतं आणि त्याच्याबरोबरच जातं.

त्यामुळे दोन्ही लावायचं तर क्रम ठरलेलाच: आधी सीलंट, वर मेण. उलटं केलं की सीलंट मेणावर बसतं आणि मेण उतरलं की दोन्ही जातात. दोन्हींच्या मध्ये निदान १२ तास, जमलं तर २४ तास गाडी कोरडी ठेवायची. एका दाराला रुपयाच्या नाण्याएवढं सीलंट पुरतं. अख्ख्या हॅचबॅकला १५ ते २० मिली म्हणजे डोक्यावरून पाणी. ओलसर फोमचा पॅड, सावली, आणि तळहात निवांत टेकवता येईल इतका गार पत्रा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आधी टेप लावावी, नाहीतर तिथले पांढरे डाग दातात अडकलेल्या कोथिंबिरीसारखे कायम नजरेत येतात. वाळलं की नाही ते बोटानं ठरवायचं: एक बोट ओढलं, मागे स्वच्छ पट्टा उमटला की पुसायला घ्यायचं, पट्टा माखला तर थांबायचं. नाशिकच्या थंडीत सकाळी दहाच्या कोवळ्या उन्हाआड दहा-पंधरा मिनिटांत होतं. श्रावणात मात्र पाऊण तास थांबून चहाही संपतो आणि पट्टा माखलेलाच. पुसायला मायक्रोफायबरची दोन फडकी. चौघडी घातली की एकेकाच्या आठ बाजू मिळतात. पहिल्यानं काढायचं, दुसऱ्यानं उजळायचं.

टिकण्याचं म्हणाल तर मेण दीड-दोन महिने, उघड्यावर उभ्या गाडीचं त्याहूनही कमी. सीलंट चार ते सहा महिने. म्हणून इथलं पंचांग सोपं आहे: मृगाच्या आधी, मेच्या अखेरीला सीलंट, म्हणजे त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस त्यावरून निघून जाईल. पाऊस ओसरला की दसऱ्याआधी मेण. रंगपंचमीच्या आठवड्यात आणखी एक हात, कारण रहाडीतला (रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरतात त्या हौदातला) रंग माणसांच्या वाट्याला येतो पण गल्लीतल्या पिचकारीतला गाडीच्या. सिरॅमिक कोटिंगवाल्यांनी (रंगावर काचेसारखा कडक थर चढवणाऱ्यांनी) हसावं, त्यांचा थर दोन-तीन वर्षं टिकतो खरा, पण त्याखाली रेघ राहिली तर तीही दोन-तीन वर्षं टिकते.

कुठलाही थर अमृत पिऊन आलेला नसतो. पक्ष्याच्या विष्ठेतलं यूरिक आम्ल उन्हात काही तासांत क्लिअर कोटमध्ये खळगा पाडतं. मेण तुम्हाला थोडी सवड देतं, माफी नाही. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा ठाऊक असेलच. तो ओल्या फडक्यानं भिजवून काढायचा, नखानं नाही.

पण सगळ्यांत जास्त नुकसान पाणी करतं, आणि तेही सज्जनपणानं वापरलेलं. बोअरवेलचं जड पाणी मेण लावलेल्या बॉनेटवर मोत्यांसारखे थेंब धरतं, बघायला फार छान. प्रत्येक मोती वाळला की क्षारांचं एक पांढरं कडं ठेवून जातो. त्यावर आरओचं टाकाऊ पाणी! काटकसर म्हणून ते बादलीत साठवायचं आणि गाडी धुवायची, हे घरोघरी चालतं. आरओनं जे क्षार तुमच्या पिण्यातून काढले ते सगळे त्या बादलीत असतात. चाकं, मडगार्डच्या आतली माती यांना ते खुशाल वापरावं. बॉनेटचं शेवटचं पाणी मात्र नळाचं, आणि तेही नोझल काढून, पाइपमधून सलग धारेनं. धार स्वतःबरोबर थेंब ओढून नेते, पुसायला फारसं उरत नाही. कडी पडलीच तर व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म, फडकं मिनिटभर टेकवून लगेच धुऊन टाकावं. त्यानं तिथलं मेणही जाईल, तेवढ्या जागी पुन्हा हात मारायचा.

आणि ते पिवळं फडकं. सोसायटीत पहाटे एका बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीपर्यंत पोचते. हिवाळ्यात दव पडलेलं असतं, धुळीचा चिखल झालेला असतो, आणि फडकं गोल गोल फिरतं. वांग्यांमागच्या काळ्या गाडीवरचं जाळं असंच विणलेलं. यावर कुठल्याच डबीत उपाय नाही. पुसणाऱ्या दादांना ‘फक्त काचा पुसा’ सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ते सांगायला सगळे लाजतात. रोज पुसलं नाही तर गाडी उघडी पडल्यासारखी वाटते, त्याला काय करणार.

दसऱ्याला आणखी एक अडचण उभी राहते. ताज्या मेणावर पाण्यात कालवलेलं कुंकू बसत नाही. करंगळीनं स्वस्तिकाची रेघ ओढावी तर मागे तिचे लाल मणी होतात आणि उतारावरून घरंगळतात. घरातली मोठी माणसं बॉनेटकडे संशयानं बघतात. कुंकू तुपात कालवलं तर मात्र छान बसतं, रेघ अखंड येते. मग झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि पुढचे आठ दिवस बॉनेटच्या तेवढ्या वीतभर जागेला कुणी फडकं लावत नाही.