खिळा नसलेलं जहाज

मी नागपूरचा, म्हणजे पाण्याशी माझा संबंध फुटाळ्याच्या काठावर भुट्टा खाण्यापुरता. तरी महिनाभर झाला, जहाजं डोक्यात बसलीयेत अन् त्याला कारण आमचा आजोबांच्या वेळचा सागवानी पलंग. पाय हलायला लागला म्हणून लकडगंजातून मिस्त्रीकाका आले, वाकून खालून पाहिलं अन् म्हणाले, "भाऊ, यात खिळा कोणी ठोकला? साल-कुशीचा जोड होता ना बाप्पा, चिरलं ना लाकूड." म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा जोड. ठोकणारा मीच. बोललो नाही काही.

त्याच रात्री फोनवर आपल्या नौदलाच्या शिडाच्या जहाजाचा, आयएनएसव्ही कौंडिण्यचा व्हिडिओ समोर आला. अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र बघून आपल्या लोकांनी तसं जहाज खरंच बांधलं, फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत तर काथ्याच्या दोरीनं चक्क शिवल्या, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही, इंजिन नाही, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून शिडांवर मस्कतला निघालं अन् पोचलंसुद्धा. म्हणजे गोधडीसारखं शिवलेलं जहाज अरबी समुद्र पार करतं आणि माझा पलंग हॉलमध्ये उभा राहत नाही!

तिथून नाद लागला. जहाजांचा इतिहास म्हटलं की आधी शिडं मग वाफ मग डिझेल असंच सगळे सांगतात, मला मात्र एवढंच पाहायचं होतं की फळीला फळी धरून कशी ठेवली.

इजिप्तमध्ये खुफूच्या पिरॅमिडपाशी १९५४ साली एक नाव सापडली, साडेचार हजार वर्षं जुनी, ४३ मीटर लांब, देवदाराची, सुटे भाग करून पुरलेली. तीही दोरीनंच बांधायची. शिवण्यातला फायदा असा की लाटेचा दणका बसला तर फळ्या जरा सरकतात, दोरी तो झटका सोसून घेते, खिळ्याची फळी तिथे चिरली असती.

खिळ्याची अजून एक भानगड म्हणजे गंज. युरोपातली जहाजं ओकची, ओकमध्ये टॅनिन असतं, ते लोखंडाला खातं. सागवानात तेल, त्यामुळे लोखंड टिकतं आणि लाकूडही सहज सडत नाही. म्हणून मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीत इंग्रजांनी सागवानी युद्धनौका बांधून घेतल्या, १८१७ ची 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. सागवानाचं कौतुक विदर्भवाल्यांना काय सांगायचं, अयोध्येच्या मंदिराचं लाकूड आपल्या बल्लारशाचं, पण हे जहाजाचं मलबारचं होतं, उगाच श्रेय घेऊ नये.

मग लोखंड आलं अन् रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायची डोकं असलेली जाड मेख, आलं. रिव्हेट लालभडक तापवायचं, भोकात घालायचं, एका बाजूनं दाबून धरून दुसऱ्या बाजूनं ठोकायचं, थंड झालं की आकसून पत्रे आवळून धरतं. टायटॅनिकमध्ये अशी सुमारे ३० लाख होती.

खरी मजा दुसऱ्या महायुद्धात झाली. अमेरिकेला जहाजं घाईनं पाहिजे होती म्हणून रिव्हेट सोडून वेल्डिंग धरलं, लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं २,७१० काढली, एक तर पाच दिवसांच्या आत जोडून पाण्यात सोडलं. आणि जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंडला 'स्केनेक्टडी' नावाचा नवाकोरा टँकर, धक्क्याला शांत उभा असताना, मोठ्ठा आवाज करून मधोमध फाटला. ना वादळ ना टॉर्पेडो. रिव्हेटच्या जहाजात तडा गेला तर पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा, वेल्डिंगनं अख्खं जहाज एकच पत्रा झालेलं, तडा सुटला की थांबणार कुठे? त्यात थंडीत ते पोलाद ठिसूळ व्हायचं, हे केंब्रिजच्या धातुतज्ज्ञ कॉन्स्टन्स टिपर बाईंनी दाखवून दिलं. म्हणजे ज्या जोडाला लोक जहाजाची कमजोरी समजत होते तोच त्याला वाचवत होता, हे वाचून मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून सांगितलं. तिचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी मिस्त्रीकाका पाय बसवायला आले तेव्हा त्यांना कौंडिण्यचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा पाहिला, मग म्हणाले, "चांगलं हाय. पण हे दोरे सडत असतीन ना भाऊ, वर्षा-दोन वर्षांनी उसवून पुन्हा शिवा लागत असंन." मग माझ्या हातातली हातोडी काढून घेतली अन् म्हणाले, चहा सांगा.