वाळूतल्या पाण्याचे पैसे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटी बघतो. मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे ठोकणाऱ्याला, महिन्याचा पगार असेल असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे बॉक्समागे, म्हणजे साच्याच्या पेटीमागे दर आहे, तोही चांगल्या निघालेल्या नगाचाच. नग रिजेक्ट झाला की मजुरी गेली, वर वाया गेलेल्या लोखंडाचा कापही मजुरीतून बसतो.

ऐन पावसात पंप बॉडीचा एक लॉट लेथवर चढला आणि पहिल्याच कटला ब्लो होल, म्हणजे आतली पोकळ भोकं, उघडे पडले. आतून गुळगुळीत, सगळे कोपच्या, म्हणजे साच्याच्या वरच्या अर्ध्याच्या बाजूला. मोल्डरची वाळू ठोकणी कच्ची राहिली तर साचा फुगतो, वाळू पडते. अशी भोकं मात्र गॅसची. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओलावा तीन-चार टक्क्यांच्या वर गेला की चौदाशे अंशाच्या आसपासचं लोखंड ओतताना पाण्याची वाफ होते, तिला सतराशेपट जागा लागते. वाळूतून वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच शिरते.

खानापूरकडचे आमचे मामा जुने मोल्डर. त्यांनी सकाळीच सुपरवायझरपुढं मूठ उघडली होती. "बगा, गोळा नीट मोडंना. हाताला चिकटालंय." ओलावा मोजायचं यंत्र कधीचं बंद. डिस्पॅच अडलेला, म्हणून उत्तर आलं, "बॉक्स वाढवा."

मी शीटवर 'वाळूत जादा पाणी' लिहिलं. ऑफिसनं कोड टाकला मोल्डिंगचा, म्हणजे चूक मोल्डरची, आणि काप मामांच्या नावावर. कामगाराच्या हलगर्जीनंच नुकसान झालं असेल तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकूनच काप लावता येतो, हे १९३६च्या वेतन कायद्यापासून चालत आलंय. २०१९च्या वेतन संहितेतही तेच आहे. पण मामा ठेकेदाराच्या हजेरीवर, त्यांचं ऐकणार कोण?

"बाजारात जो दर आहे तोच देतो," असं एचआरचा पोरगा म्हणाला. मालक वाईट माणूस नाही. त्याचा दरही पुण्याचा गिऱ्हाईकच ठरवतो. पण त्याच आठवड्यात वाळूचा ट्रक ताडपत्रीविना भिजत आला आणि काट्यावर वजन करून टनाच्या भावानं बिल निघालं. पुरवठादाराला पाण्याचे पैसे मिळाले, मामांचे त्याच पाण्यापायी गेले. दोन्ही हिशेब बाजारभावानंच.

यंत्र नंतर दुरुस्त झालं. काप परत मिळाला नाही. मामा आता मिक्सरमधून येणाऱ्या प्रत्येक घाणीची वाळू मुठीत दाबून बघतात, नापसंत असली तर परत पाठवतात. त्यात जाणाऱ्या वेळाला दर नाही. बॉक्स कमी निघतात म्हणून सुपरवायझर कुरकुरतोय.