कसब एकच, गेटं किती?

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक वसाहतींत चांगला व्हीएमसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर काम लावणारा) टिकत नाही, ही मालकांची कायमची तक्रार. टिकेल कसा? ड्रॉइंग वाचून फिक्स्चर लावणारा, फानुक कंट्रोलवर ऑफसेट (हत्यार आणि जॉबची मापं) घेणारा हात शेजारच्या गेटात, म्हणजे कारखान्यातही लगेच चालतो. निपाणीच्या माणसाला तर एका बाजूला हत्तरगी, दुसऱ्या बाजूला कागलची एमआयडीसी. राज्याची हद्द मधे येते ती किमान वेतनाच्या तक्त्यापुरती.

उलट हत्तरगीच्या विमानाचे भाग बनवणाऱ्या सेझमधलं (विशेष आर्थिक क्षेत्रातलं) एनडीटीचं, म्हणजे पार्ट न तोडता दोष तपासण्याचं काम घ्या. कसब दुर्मिळ, पण त्याला गिऱ्हाईकही मोजकंच, आणि पगार तिथेच अडतो. त्यात एनएएस 410 या एरोस्पेसच्या एनडीटी मानकाखालचं लेव्हल 2 प्रमाणपत्र कंपनी देते. नोकरी सुटली की ते संपतं, नव्या कंपनीला आपलं नव्यानं द्यावं लागतं. म्हणून राजीनाम्याआधीच ट्रेनिंगचे तास, अनुभवाची नोंद आणि परीक्षेचे गुण यांची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. ती नसली की नवा मालक नवखा धरूनच आकडा बोलतो.

दुसऱ्या गेटानं 2,000 जास्त दिले म्हणून लगेच उडी मारू नये. नोकरी बदलल्यानं आताच्या कंपनीची बस हातची जाणार असेल आणि स्वतःच्या गाडीनं जाऊन-येऊन 40 किलोमीटर पडत असतील, तर 26 दिवसांचे 1,040 किलोमीटर होतात. गाडी 45 चं अॅव्हरेज देत असली तरी 23 लिटर पेट्रोल. लिटर शंभरनं धरलं तरी 2,300 रुपये. वाढ रस्त्यावरच संपली! ग्रॅच्युइटीचंही तसंच. बेसिक-डीए 14,000 असेल तर 5 वर्षांचे, 15/26 च्या (महिन्याचे 26 दिवस धरून वर्षाला 15 दिवसांचा पगार) हिशेबानं, सुमारे 40,400 होतात. पर्मनंट माणसानं साडेचार वर्षांवर सोडलं तर त्यावर पाणी. सहा महिने कळ काढणं परवडतं.

'दोन वर्षं दुसऱ्या कारखान्यात जाणार नाही' असं लिहून घेतात, त्याला फार भिऊ नये. नोकरी सोडल्यानंतरची अशी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. 'इतकी वर्षं आधी सोडलं तर इतके पैसे भरा' हा बॉण्ड मात्र वेगळा. विजया बँकेच्या प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 2 लाखांचा असा बॉण्ड उचलून धरला. सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा. आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट मागितलं तर दाखवा, ठेवून घ्यायला झेरॉक्स द्या.