सूज आणि दादाची पाठ

दादाच्या मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोरीला) दुखापत झाली आहे, त्याबद्दल आज डॉक्टर निवांत बोलले. मज्जारज्जूला मार एका क्षणात बसतो, पण नंतर कित्येक दिवस शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी तिथे धावतात, सूज वाढते, वाचलेल्या चेतापेशीही मरतात. मग ही सूज दाबूनच टाकायची ना? तसंही नाही! त्याच पेशी मेलेल्या पेशींचा कचराही उचलतात. १९९० च्या अभ्यासानंतर मिथाइलप्रेडनिसोलोन हे सूज दाबणारं स्टेरॉइड दुखापतीनंतर पहिल्या ८ तासांत सर्रास देत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनीच नको म्हटलं. जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव असे धोके. दादा हसून म्हणाला, "सैन्य आपलंच, पण सेनापती बेपत्ता!"

व्हॉट्सॲपवर सूज उतरवायचे उपाय पाठवणाऱ्यांनो, माया कळते, पण आधी डॉक्टरांना विचारू द्या. सध्या बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि लघवीचं इन्फेक्शन टाळण्यावर भर आहे. त्यांनीही दाह वाढतो.